अमेरिकेतल्या आमदारबाईंवर वीस मिनिटं बोलायचंय? मग असं करा

इंदुरात रामबाग म्हणा, लोकमान्यनगर म्हणा, सुदामानगर म्हणा, कुठल्या ना कुठल्या महिला मंडळाचा महिन्याचा कार्यक्रम असतोच आणि त्यात हल्ली एकीनं उठून एखाद्या कर्तृत्ववान बाईवर वीस मिनिटं बोलायचं असं ठरलेलं असतं. अहिल्याबाईंवर दर वर्षी होतं, व्हायलाच पाहिजे, त्यांच्या गावात राहतो आपण. पण चिठ्ठीत तुमच्या नावावर परदेशातली राजकारणी बाई निघाली तर बहुतेक जणी कमला हॅरिस घेतात आणि मग टीव्हीवरून सगळ्यांना जेवढं माहीत असतं तेवढंच परत ऐकायला मिळतं. मी म्हणते राज्यातलं राजकारण घ्या. अमेरिकेत ५० राज्यं, प्रत्येकाची आपापली विधानसभा, आणि तिथल्या कितीतरी बायका शाळेच्या बोर्डापासून, जिल्ह्याच्या कचेरीपासून सुरुवात करून वर गेलेल्या. हे असं वर जाणं आपल्याकडच्या बायकांना पटकन कळतं, कारण कोण पार्षद होती, मग कशी महापौर झाली, कुणाचं तिकीट कापलं, हे आपण पोहे खाता खाता बोलतच असतो.

माणूस कोण निवडायचं? माझं मत सरळ आहे, स्वाती दांडेकर घ्या. नागपूरच्या, नागपूर विद्यापीठात बायॉलॉजी-केमिस्ट्री घेऊन पदवी, मग मुंबईत डायटेटिक्सचा डिप्लोमा, आणि नंतर अमेरिकेत आयोवा राज्यात मॅरियन नावाच्या गावात संसार. मॅरियन म्हणजे सीडर रॅपिड्सला अगदी चिकटून, आपलं राऊ जसं इंदूरला. सीडर रॅपिड्सला क्वेकरचा मोठा कारखाना आहे, तेच ते ओट्सवाले, हे सांगितलंत की मागच्या रांगेतल्यांना पण गाव कुठेतरी दिसायला लागतं. आणि दांडेकर आडनाव ऐकल्यावर सभागृहातल्या चार जणी तरी नातं जुळवायला लागतील, लागू द्या, तेवढंच लक्ष राहतं.

आता तयारी. सगळ्यात आधी "पहिली भारतीय महिला" हे वाक्य वहीतून काढून टाका. खरंच सांगते, हे वाक्य सगळीकडे लिहिलेलं सापडतं आणि भाषण तिथेच मरतं, कारण त्यानंतर टाळ्या पडतात आणि बोलायला काही उरत नाही. शिवाय ते तपासायला गेलं तर डगमगतं. वायोमिंग राज्याच्या विधानसभेत निमी मॅकॉनिगली १९९० च्या दशकातच निवडून आल्या होत्या, जन्म मद्रासचा, पक्ष रिपब्लिकन. दांडेकर डेमोक्रॅट, २००२ च्या. मग पहिली कोण यावर अर्धा वेळ घालवण्यापेक्षा बाई निवडून कशी आली हे सांगा, ते जास्त मजेदार आहे.

त्यासाठी एका कोऱ्या कागदावर शिडी काढा, खालून वर. दांडेकरांची अशी निघेल: १९९६ मॅरियनकडचं लिन-मार शाळा बोर्ड, २००२ मध्ये आयोवा हाउसची, म्हणजे राज्याच्या खालच्या सभागृहाची निवडणूक जिंकल्या (२००३ पासून २००९ पर्यंत तिथे), २००८ मध्ये आयोवा सिनेट, म्हणजे वरचं सभागृह (२००९ ते २०११), २०११ मध्ये वीज-गॅसवाल्या बोर्डावर नेमणूक, २०१४ ला वॉशिंग्टनच्या संसदेसाठी प्रयत्न आणि हार, आणि मग ओबामांच्या दुसऱ्या टर्मच्या शेवटी शेवटी एशियन डेव्हलपमेंट बँकेत अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून मनिलाला, राजदूताच्या दर्जानं. त्याच कागदावर शेजारी सुमित्राताई महाजनांची शिडी काढा. चिपळूणची मुलगी, लग्न होऊन इंदूरला, १९८२ ला पार्षद, १९८४ ला उपमहापौर, १९८५ ला विधानसभेला हरल्या, १९८९ ला थेट प्रकाशचंद्र सेठींना हरवून लोकसभेत, तिथून सलग ८ वेळा, आणि २०१४ ला लोकसभेच्या अध्यक्ष. दोन्ही शिड्या शेजारी शेजारी फळ्यावर काढल्या की निम्मं भाषण फळाच करतो. एक फरक मात्र मुद्दाम दाखवा. ताईंच्या शिडीत एकच हार आणि मग उडी, दांडेकरांच्या शिडीत पायरी पायरी चढून वरच्या एका पायरीला अडकणं. कोणती बरी हे तुम्ही नका ठरवू, बायका आपापसात ठरवतील आणि चहापर्यंत भांडतील.

शाळा बोर्ड ही भानगड आधी समजून घ्या नाहीतर तुम्ही पालक-शिक्षक संघ समजून पुढे जाल. तिथे शाळांचा जिल्हा वेगळा असतो, त्याच्या बोर्डावर लोक मत देऊन माणसं निवडतात, आणि ते बोर्ड सुपरिंटेंडेंट नेमतं, बजेट पास करतं, नवीन बिल्डिंग बांधायची का हे ठरवतं. म्हणजे पैशाचा आणि पोरांचा, दोन्ही नाजूक विषय. अशा बोर्डावर सहा वर्षं बसलेल्या बाईला गावातले सगळे आईबाप ओळखतात, आणि पुढे २००२ ला हाउसला उभं राहिल्यावर हीच ओळख कामी येते. आपल्याकडे नळ आणि ड्रेनेजमुळे पार्षद ओळखीचा होतो, तिथे शाळेमुळे.

त्यानंतर नकाशा. हा भाग कोणी सांगत नाही आणि मला विचाराल तर सगळ्यात छान हाच आहे. आयोवाच्या हाउसमध्ये १०० जागा, सिनेटमध्ये ५०, आणि हाउसचे दोन मतदारसंघ जोडले की बरोब्बर एक सिनेटचा मतदारसंघ होतो. दांडेकरांचा हाउसचा नंबर ३६. सिनेटचा १८ नंबर म्हणजे हाउसचे ३५ आणि ३६ मिळून. आता २००८ चा विचार करा, सिनेटला उभ्या राहिल्या तेव्हा निम्मे मतदार आधीचेच, सहा वर्षांचे ओळखीचे, आणि निम्मे एकदम नवीन, ज्यांच्या दारात पहिल्यांदा जायचं. आणि त्या जागेवर आधी होत्या रिपब्लिकन मेरी लुंडबी, त्या पण मॅरियनच्याच आणि तिथल्या बड्या नेत्या. हे सगळं आपल्या लोकांना समजवायला अवघड नाही, इंदुरात तर आपण विधानसभेच्या जागांबद्दल नंबरानंच बोलतो, चार नंबर, दोन नंबर, पाच नंबर, आणि वार्ड ८५. फळ्यावर दोन छोटे चौकोन काढा, त्यांच्याभोवती एक मोठा, झालं. त्याच वर्षी जूनमध्ये सीडर नदीला भयंकर पूर आला होता, सीडर रॅपिड्सचं अख्खं डाउनटाउन पाण्यात होतं, म्हणजे निवडणुकीच्या आधी चार-पाच महिने शेजारच्या शहरात ही परिस्थिती. पुराचा एखादा फोटो दाखवला तर चालेल, पण त्यावर जास्त वेळ नको.

२००२ ची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. समोरच्या रिपब्लिकन उमेदवारबाईंची एक ईमेल बाहेर आली, तिचा अर्थ असा की जी आयोवात लहानाची मोठी झालीच नाही, भारतातून आली, ती इथल्या मिडवेस्टच्या लोकांची मूल्यं काय मांडणार. ही ईमेल पेपरात आली आणि उलटी पडली, दांडेकर निवडून आल्या. इथे एक मोह होतो, तुम्हाला पण होईल, की आवाज चढवून वर्णद्वेषावर दहा मिनिटं बोलायचं. नका बोलू. त्याऐवजी विचारा की ती ईमेल उलटी का पडली. माझं मत असं की शाळा बोर्डाची सहा वर्षं तिथे बोलली. जिच्याशी शाळेच्या बजेटवर भांडलोय ती बाई परकी आहे असं कोणी सांगितलं तर लोक म्हणतात अरे ही तर आपलीच आहे. आपल्याकडे पण बाहेरून आलेल्या सुनेला माहेर विचारतातच की निवडणुकीत, त्यामुळे हा मुद्दा सभागृहाला फार समजवावा लागत नाही.

आता जिथे थांबायचं ती जागा, २०११. वीस मिनिटातली सहा-सात मिनिटं याला द्या. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा २६-२४. आयोवा सिनेटमध्ये डेमोक्रॅट २६, रिपब्लिकन २४. गव्हर्नर रिपब्लिकन, टेरी ब्रॅनस्टॅड. हाउस रिपब्लिकन, ६०-४०. म्हणजे डेमोक्रॅटांच्या हातात एकच ब्रेक उरलेला, तो म्हणजे सिनेट. त्यात २००९ ला आयोवाच्या सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नाला मान्यता दिलेली, रिपब्लिकनांना राज्यघटनेत दुरुस्ती करून ती थांबवायची होती आणि सिनेट ते विधेयक पुढे जाऊच देत नव्हतं. अशा वेळी गव्हर्नर ब्रॅनस्टॅड दांडेकरांना म्हणतात की वीज आणि गॅसचे दर बघणाऱ्या आयोवा युटिलिटीज बोर्डावर या. त्यांनी हो म्हटलं, सप्टेंबरमध्ये सिनेट सोडलं. २६ चे २५ झाले. पोटनिवडणुकीत ती जागा रिपब्लिकनांनी घेतली असती तर २५-२५, आणि ब्रेक गेला.

आता इथे इंदूरची मंडळी काय म्हणणार मला आत्ताच ऐकू येतंय, "फोडलं हो बाईंना!" २०२० ला आपल्याकडे २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथांचं सरकार गेलं, ते सगळ्यांच्या डोक्यात ताजं आहे. डेमोक्रॅट पण तिथे चांगलेच चिडले होते. पण तुम्ही एक गोष्ट आधी सांगून ठेवा. त्या बोर्डावर तीनच माणसं असतात आणि कायद्यानं एका पक्षाची दोनपेक्षा जास्त चालत नाहीत, म्हणजे रिपब्लिकन गव्हर्नरला कधी ना कधी दुसरीकडचा माणूस घ्यावाच लागतो. कोणता डेमोक्रॅट घ्यायचा हे मात्र त्याच्या मर्जीवर, आणि त्यानं बरोब्बर ती घेतली जिच्या जागेवर धक्का बसला असता. दोन्ही गोष्टी खऱ्या. दांडेकरांनी पक्ष सोडला नाही हे पण सांगा, कारण आपल्याकडे असं झालं की माणूस दुसऱ्या दिवशी नवीन दुपट्टा घालून स्टेजवर दिसतो. त्यांच्या मनात काय होतं यावर आपण काही ठोकून द्यायचं नाही. कोणी विचारलंच तर सांगा की पगार आणि मुदत दोन्ही बघा, आयोवाच्या आमदाराला वर्षाला २५,००० डॉलर मिळतात आणि अधिवेशन जानेवारीपासून साधारण साडेतीन महिनेच चालतं, बाकी वर्षभर बहुतेकांचा दुसरा धंदा नोकरी असते, बोर्डावर मात्र पूर्णवेळ काम.

पोटनिवडणूक ८ नोव्हेंबर २०११ ला झाली. एका जागेसाठी दोन्ही पक्षांनी पैसा ओतला, बाहेरच्या संघटना आल्या. डेमोक्रॅटांनी उभं केलं लिझ मॅथिस यांना, ज्या तिथे वर्षानुवर्षं टीव्हीवर बातम्या द्यायच्या, घराघरात ओळखीचा चेहरा. त्या जिंकल्या, २६-२४ परत तसंच. इथपर्यंत सांगितल्यावर पाणी प्या आणि पाच सेकंद गप्प बसा, कुजबुज होईल.

हे सांगायच्या आधी एक पथ्य, सिनेटर म्हटलं की लोकांना वॉशिंग्टनवाली सिनेट वाटते, त्यामुळे पहिल्याच मिनिटाला सांगून टाका की आपण राज्याच्या सिनेटबद्दल बोलतोय आणि मग शेवटपर्यंत "आयोवा सिनेट" असंच म्हणा. संसदेला काँग्रेस म्हणू नका, नाहीतर कोणीतरी काका दारातून विचारतील की काँग्रेस तिथे पण आहे का. आयोवाच्या राजधानीचं नाव Des Moines असं लिहितात, उच्चार मात्र द मॉइन, शेवटचा एस बोलायचा नाही.

२०१४ वर दोन मिनिटं पुरेत. युटिलिटीज बोर्ड सोडून दांडेकर वॉशिंग्टनच्या हाउससाठी पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरल्या, पाच उमेदवार होते, त्यात तीन बायका, आणि त्यातली एक बोस्नियातून लहानपणी निर्वासित म्हणून आलेली, ती पण आयोवाच्या हाउसमधली. जिंकले पॅट मर्फी, राज्याच्या हाउसचे माजी स्पीकर. आयोवात या प्राथमिक फेरीत निदान ३५ टक्के मतं लागतात, तेवढी कोणालाच नाही मिळाली तर पक्षाचं अधिवेशन ठरवतं, मर्फींना तेवढी मिळून गेली. आणि मग नोव्हेंबरला ते स्वतः पण रिपब्लिकनांकडून हरले. २०११ चा राग २०१४ ला किती मोजला गेला हे मतपेटीत लिहिलेलं नसतं, पण तुमच्या ऐकणाऱ्या बायका स्वतःच हे दोन धागे जोडतील, तुम्ही फक्त तारखा लागोपाठ सांगा.

वेळ उरला तर एक जोडपान लावा, आयोवाच्याच दुसऱ्या बायका. कॅरोलिन कॅम्बेल पेन्ड्रे १९२८ ला हाउसमध्ये निवडून आल्या, राज्याच्या विधानमंडळातली पहिली बाई (इथे "पहिली" चालेल, इथे वाद नाही), आणि मग १९३२ ला सिनेटमध्ये, म्हणजे शिडी तीच, साधारण ७५ वर्षं आधीची. दुसऱ्या किम रेनॉल्ड्स, जिल्ह्याच्या खजिनदार होत्या, २००८ च्या त्याच निवडणुकीत आयोवा सिनेटमध्ये आल्या ज्यात दांडेकर आल्या, दोन वर्षांत लेफ्टनंट गव्हर्नर, आणि २०१७ पासून गव्हर्नर. रेनॉल्ड्सची सिनेटची जागा रिकामी झाली त्यावर जोनी अर्न्स्ट आल्या, त्या पण जिल्ह्याच्या कचेरीत ऑडिटर होत्या, आणि पुढे वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये गेल्या. या दोघी रिपब्लिकन. म्हणजे एकाच ५० माणसांच्या सभागृहात दोन-तीन वर्षांत या तिघी येऊन गेल्या आणि तिघींच्या वाटा किती वेगळ्या झाल्या, मला हे वाचताना फार मजा आली होती. आयोवा नकोच असेल तर युटाच्या मार्था ह्यूज कॅनन घ्या, डॉक्टर, १८९६ ला राज्याच्या सिनेटमध्ये, आणि त्या निवडणुकीत विरुद्ध पक्षाकडून त्यांचा नवराच उभा होता, तो हरला. सभागृह हसून लोळेल, याची गॅरंटी माझी.

माहिती कुठून काढायची? एकाच पानावरून उतरवू नका. आयोवा विधानमंडळाच्या साइटवर जुन्या सगळ्या सदस्यांची पानं आहेत, कोण कुठल्या कमिटीवर होतं, कुठून आलं, सगळं. मतांचे आकडे सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर, तिथे निवडणुकीचं काम त्या ऑफिसकडे असतं. विधेयक बघायचं तर हाउस फाइल किंवा सिनेट फाइल आणि पुढे नंबर, असा शोध घ्या. त्यात "फनेल" नावाचा प्रकार दिसेल, म्हणजे ठराविक तारखेपर्यंत विधेयक कमिटीतून बाहेर पडलं नाही तर बहुतेक तिथेच संपलं, त्यामुळे एखादं बिल अर्ध्यात गायब झालेलं दिसलं तर घाबरू नका. अधिवेशन लाइव्ह पण बघता येतं, हिवाळ्यात आपल्याकडे रात्री आठ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ, म्हणजे आपली जेवणं उरकली की त्यांचं कामकाज सुरू. पाच-दहा मिनिटं बघा, खरोखर किती कमी आरडाओरडा असतो ते दिसेल, कंटाळवाणं आहे पण बघा.

शेवटी प्रश्न येतील, त्यांची तयारी ठेवा. "तिकीट कोणी दिलं?" याचं उत्तर, वरून कोणी देत नाही, आधी पक्षाच्याच मतदारांत निवडणूक होते, जो जिंकेल तो उमेदवार. "महिला आरक्षण?" काही नाही, एक जागा पण राखीव नाही, आपल्याकडे निगमात निम्म्या जागा बायकांसाठी असतात हे ऐकून तिथली माणसं चकित होतील. तरी नेवाडा राज्यात २०१८ च्या निवडणुकीनंतर विधानमंडळात निम्म्याहून जास्त बायका झाल्या, आरक्षण नसताना, हे सांगितलं की दोन्ही बाजूंना वादाला मसाला मिळतो. आणि एक प्रश्न हमखास येतो, कारण आता घरटी एकाचं तरी पोर तिकडे आहे, "आमच्या मुलीला तिथे उभं राहायचं असेल तर?" सांगा की ग्रीन कार्डवर नाही चालत, नागरिकत्व लागतं. आयोवाच्या हाउससाठी वय २१ पूर्ण, सिनेटसाठी २५, राज्यात एक वर्ष राहिलेलं असावं आणि त्या मतदारसंघात निवडणुकीच्या आधी ६० दिवस. बाकी राज्यांचे नियम वेगळे, ते तिनं तिच्या राज्याच्या साइटवर बघावेत. आणि घाई नसेल तर आधी शाळा बोर्डाचा फॉर्म भरावा.